नेहमीचे जंतू

ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांच्या नाकाचे स्वॅब दर सहा महिन्यांनी प्रयोगशाळेत यायचे. काडी जंतू वाढवायच्या लाल प्लेटवर फिरवायची, प्लेट दोन दिवस उबेत ठेवायची, काय उगवलं ते लिहायचं. बारा वर्षं ती हेच काम करत होती.

त्या सोमवारी एका काडीवर नाकाच्या डॉक्टरांचं नाव होतं. ते वाचताच तिने दात आवळले.

आई कपडे शिवायची. नऊ वर्षं तिचं सायनस ठणकत होतं आणि नऊ वर्षं तिला एकच वास यायचा. "कापड जळतंय गं," म्हणायची आणि इस्त्रीचा प्लग काढलाय ना, ते उठून बघून यायची. शेवटी लेकीने इस्त्री कपाटात ठेवली, तर आई कपाट हुंगायला लागली. लेकीने स्वतः तिचा स्वॅब तपासला, 'वेगळी वाढ' असा अहवाल दिला. डॉक्टर हसले. "आजी, वास तुमच्या नाकात नाही, डोक्यात आहे." आणि केसपेपरवर लिहिलं : नेहमीचे जंतू. उपचारांची गरज नाही.

महिन्याभरात पू मेंदूपर्यंत पोचला. चार दिवसांत आई गेली.

आईची प्लेट तिने टाकून दिली नव्हती. नियम धाब्यावर बसवून फ्रीजमध्ये मागे दडवली होती. एव्हाना ती सुकून तडकायला हवी होती. पण करडे ठिपके थंडीतही वाढत होते. कडेला गोल, मध्ये पोकळ. मागच्या आठवड्यात तिने झाकण उचललं, तर पलीकडच्या टेबलावरचे दादा म्हणाले, "इस्त्री कुणी लावून ठेवलीय गं?"

तिला कसलाच वास आला नव्हता. तरी ती प्लेट घेऊन तडक डॉक्टरांकडे गेली.

"घ्या वास. आणि सांगा, कुणाच्या डोक्यात होता ते."

त्यांनी नाक जवळ नेऊन लांब श्वास घेतला. "अहो बाई, कशाचाही वास नाहीये. चार दिवस सुट्टी घ्या."

बुधवारी तिने डॉक्टरांची प्लेट बाहेर काढली.

करडे ठिपके. कडेला गोल, मध्ये पोकळ.

तिने फ्रीज उघडला. आईच्या नावाची चिठ्ठी जागेवर होती. प्लेट कोरी होती, आजच तयार केल्यासारखी.

फोन वाजला.

"मॅडम..." डॉक्टरांचा आवाज खाली आला होता. "तुमच्या आईंना नेमका कसला वास यायचा म्हणालात?"

"कसलाच नाही. डोक्यात होता ना?"

"तसं नाही हो. माझ्या स्वॅबचं काय झालं?"

"लिहितेय."

तिने पेन उचललं. नेहमीचे जंतू. उपचारांची गरज नाही. खाली सही केली.

मग उठली आणि इस्त्रीचा प्लग काढलाय ना, ते भिंतीला हात लावून बघून आली.

प्रयोगशाळेत इस्त्री नव्हती.