उभी राहू नकोस

प्रतिविष केंद्राच्या प्रयोगशाळेत पडद्यावरची हिरवी रेघ सपाट पडली होती. ती रेघ म्हणजे शेवंता घोडीचे आतडे. घोडीच्या पोटाला बांधलेला श्रवणपट्टा आतड्याची बारीकसारीक हालचाल टिपून इथे पाठवत असे. कालपासून त्याला पाठवण्यासारखे काही सापडले नव्हते.

फुरशाच्या विषावरचा सर्वांत जोरकस उतारा शेवंताच्या रक्तात तयार होई. पण पशुवैद्य मृणाल खांडेपारकर यांना या घटकेला ना फुरसे आठवत होते, ना उतारा. त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या घोडीच्या जांभळ्या पडत चाललेल्या हिरड्या. घोड्याला देवाने सगळे दिले, ओकारी तेवढी दिली नाही. आतडे थांबले की वरचे वर तुंबते आणि शेवटी जठर फुटते. नाकातून नळी घालून त्यांनी सकाळपासून दोनदा पोट उपसले होते. पीळ नव्हता, खडा नव्हता. आतडे नुसते रुसून बसले होते.

"तिसरा डोस गेला, तरी ढिम्म!" औषध तयार करणारे निरंजन पाटणकर म्हणाले. "ताई, शहरातल्या तबेल्यात एका डोसात घोडे मोकळे झाले होते."

"शहरातले घोडे शिकलेले असतील. तुझं औषध नक्की करतं काय, ते पुन्हा सांग. सोपं करून."

"जुनी औषधं म्हणजे चाबूक. फटका बसला की आतडं उसळायचं आणि पुन्हा मेल्यासारखं पडायचं. जास्त बसला तर पेटके. आमच्या चेतकजंतूंना कान आहेत. ते आतड्याच्या भिंतीला चिकटून बसतात. भिंत स्तब्ध असली की चेतकद्रव्य सोडतात, हलू लागली की तोंड मिटतात. तोंड मिटलेलं असताना वाढतात आणि द्रव्य साठवतात."

"मग हे मेले असतील."

पाटणकरांनी उपसलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.

"मेले नाहीत. बेसुमार वाढलेत. फुगून टम्म झालेत आणि झोपलेत. ताई, त्यांना वाटतंय की आतडं चालू आहे."

"त्यांना तसं सांगतंय कोण?"

उत्तर खिडकीबाहेर होते. घोड्यांची निगा राखणारे कासमभाई मोतद्दार शेवंताचा लगाम धरून अंगणात फेऱ्या घालत होते. पोट धरलेल्या घोड्याला उभे राहू द्यायचे नाही. उभा राहिला की बसतो, बसला की लोळतो, लोळला की आतड्याला पीळ पडतो, ही त्यांच्या घराण्याची शिकवण. कालपासून ते आणि त्यांचे दोन भाऊ आळीपाळीने घोडीला चालवत होते. घास मात्र एकाच्याही घशाखाली उतरला नव्हता.

"शहरात घोडे खोड्यात जखडून उभे होते," पाटणकर पुटपुटले. "श्रवणपट्ट्याला आपण चालीचे धक्के वजा करायला शिकवलं. जंतूंना नाही शिकवलं. चालीचे हादरे त्यांना आतड्याचेच वाटतात."

मृणालबाई धावत सुटल्या. 'थांबवा' हा शब्द ओठांवर आला आणि तिथेच गोठला. तीन डोसांचे वाढलेले जंतू एकाच वेळी जागे झाले तर? आतडे ओल्या कागदासारखे फाटेल.

"कासमभाई, थांबू नका! काही झालं तरी थांबू नका!"

"मी कुठं थांबतोय, डॉक्टरबाई?" कासमभाई घामाने निथळत होते. "पण ही थांबायला लागली. गुडघे बघा."

शेवंताचे पाय लटपटत होते. कासमभाईंनी खिशातला गूळ तिच्या ओठांशी धरला. तिने तोंड फिरवले. कालपासून ती गुळाकडे बघत नव्हती.

"जंतू मारता येतील?" मृणालबाईंनी विचारले.

"येतील, पण त्यांच्याबरोबर चारा पचवणारे तिचे स्वतःचे जंतूही मरतील. मग घोडी कशावर जगणार?"

"मग बांध फोडायचा नाही. चर काढून थोडं थोडं पाणी सोडायचं. क्षणभर थांबवायचं, पुन्हा हलवायचं. तेवढ्यात उघडतील तेवढे उघडू देत. निरंजन, गाडी काढ."

घोडे नेण्याची विजेची गाडी आली. चालकापुढे श्रवणपट्ट्याचा तसाच पडदा होता. उताराच्या फळीवरून शेवंता कशीबशी आत चढली आणि मटकन बसली.

"आधी ते धक्काशोषक बंद करा," कासमभाई ओरडले. "या गाडीत पाण्याचा पेला हलत नाही, घोडी काय हलणार?"

पाटणकरांनी कळ दाबली आणि गाडी खाणीच्या खडबडीत रस्त्यावर घातली. पहिल्याच खड्ड्यात मृणालबाईंचे डोके छताला लागले. त्यांचा तळवा घोडीच्या कुशीवर होता.

"थांब!"

गाडी थांबली. जंतू जागे झाले आणि तळव्याखाली पोट हळूहळू ताणत गेले, नगाऱ्याच्या कातड्यासारखे. शेवंता कण्हली.

"चल! चल, चल!"

पुन्हा खड्डे, पुन्हा थांबा, पुन्हा कण्हणे. कासमभाईंनी घोडीचे डोके मांडीवर घेतले होते. "माझ्याच पायांनी मारली हिला," ते म्हणाले.

"पहिल्या डोसानंतर उभी केली असती, तर एव्हाना चरत असती," मृणालबाई म्हणाल्या. खोटे बोलून धीर देणे त्यांना जमत नसे. "पण तिसऱ्यानंतर उभी केली असती, तर एव्हाना मेली असती. तुमच्या पायांनी दोन्ही केलं."

"रेघ बघा!" पाटणकर ओरडले. "उड्या मारतेय!"

"खड्ड्यांवर सगळंच उड्या मारतं. घोडीची चाल ठरावीक, ती वजा करता येते. हे कसं करणार? आतडं खरंच चाललंय का, ते थांबल्याशिवाय कळणार नाही. आणि चाललं नसेल, तर या वेळी थांबणं परवडणार नाही." मृणालबाईंच्या बोटांखाली शेवंताची नाडी आता धाग्याइतकी बारीक झाली होती.

इतक्यात शेपटी उचलली गेली. मागच्या फळीशी लीद पडली.

"झालं! थांबवू?" पाटणकरांनी विचारले.

"नको," कासमभाईंनीच अडवले. "धक्क्यानंसुद्धा पडते, साहेब. आनंदानं घात करू नका."

गाडी आदळत राहिली. मग शेवंताने मान उचलली. थरथरता ओठ कासमभाईंच्या सदऱ्यावरून फिरला, खिशाशी थांबला. तिने खिसाच दातांत धरला आणि ओढला.

"गूळ मागतीय," कासमभाईंचा आवाज फुटला. "पोरगी गूळ मागतीय हो!"

थांबलेल्या पोटाचा घोडा खायला मागत नाही.

"थांबव," मृणालबाई म्हणाल्या.

गाडी थांबली. तळव्याखालचे पोट मऊच राहिले. पडद्यावर एक लाट उठली, ओसरली, दुसरी उठली. आतडे आपल्या पायांवर चालू लागले होते, आणि ते चालू होते म्हणून उरलेले जंतू गप्प होते. कासमभाई फाटक्या खिशातून गूळ काढून भरवत होते. जागच्या जागी त्यांचे पाय अजून हलत होते.

हवा यावी म्हणून पाटणकरांनी मागची फळी खाली पाडली. फळीबरोबर लीदही घसरून रस्त्याकडेला पडली. एक चिमणी लगेच तिच्यावर येऊन दाणे टिपू लागली.

मृणालबाईंचे हसू विरले. केंद्रात औषध दिलेल्या घोड्याची लीद थेट भट्टीत जात असे. "निरंजन, हे जंतू पोटाबाहेर जगतात?"

"बऱ्यापैकी. पण बाहेर त्यांना..."

पाटणकरांनी खाली पाहिले. बाहेर लीद स्तब्ध पडली होती. तिला हलवणारे कोणी नव्हते, म्हणजे जंतूंची तोंडे उघडी होती.

चिमणी शिटली. दोन दाणे टिपून पुन्हा शिटली. मग पुन्हा. कासमभाई टोपी भिरकावत तिच्यावर धावले, तेव्हा ती उडाली आणि शिटत शिटत गावाच्या विहिरीकडे गेली.