मनांग देलफिनाचं खोकं

“मी मायदेशी गेले असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याचं तोंड नंतर बघ, अडिंग. आधी माझं खोकं बघ.”

मनांग देलफिना असं म्हणाली तेव्हा अमिहान चर्चच्या तळघरात आपल्या अकरा महिन्यांच्या तालाचं डायपर बदलत होती. ती हसली. “तुझं खोकं बघायला कशाला हवं? शिस्त एवढी, की डोळे मिटूनही ओळखू येतं.”

“हस, हस. या नव्या पोरींना कितीदा सांगायचं, साबण वेगळ्या पिशवीत, वरून चिकटपट्टी, आणि खाऊपासून लांब. दोन महिने बोटीत पडतं ते. माझ्या पहिल्या खोक्यातलं चॉकलेट खाऊन थोरली म्हणाली, आई, खाऊ पाठवलास की आंघोळ?”

फिलिपिन्समधल्या घरी बोटीनं पाठवायची खोकी भरत बसलेलं सगळं तळघर हसलं. मनांगनं मात्र अमिहानचं मनगट धरलं होतं, जरा जास्तच घट्ट. अमिहानला ते नंतर आठवलं. उशिरा आठवलं.

मनांग म्हणजे थोरली बहीण आणि अडिंग म्हणजे धाकटी. रक्ताचं नातं काही नव्हतं. दोघी फिलिपिन्सच्या इलोकोस भागातल्या, आणि व्हँकुव्हरमध्ये तेवढं पुरतं. देलफिना अठ्ठावन्न वर्षांची. चौदा वर्षं ती डॉ. ह्यू टॅटर्सल यांच्या घरात राहत होती. आधी त्यांची मुलं मोठी केली, आता त्यांची एक्याण्णव वर्षांची आई सांभाळत होती. अमिहान त्याच टॅटर्सलांच्या हाताखाली संशोधन सहायक होती, विद्यापीठाच्या आशिया-कॅनडा अभ्यास केंद्रात.

केंद्रात अकरा माणसं होती. त्यातली आशियाई तीन, आणि तिन्ही चहाच्या यंत्राजवळच्या खोलीत. भिंतींवर पंखे, कंदील, मुखवटे. एखाद्या सुमार हॉटेलची सजावट उचलून आणावी तसा तिथे आशिया टांगलेला होता. टॅटर्सलांनी फिलिपिनो बायकांच्या या खोक्यांवरच पुस्तक लिहिलं होतं. तीनशे पानं. मायदेशी जाणारी बाई खोकं अर्धवट सोडून जात नाही, यावर त्यात अख्खं प्रकरण होतं. खोक्याच्या सहाही बाजूंना नाव का लिहितात यावर दुसरं. ती माहिती सांगणाऱ्या बाईला पुस्तकात ‘द’ एवढंच नाव मिळालं होतं.

मंगळवारी सकाळी नेस्तोर अमिहानच्या टेबलाशी आला. नेस्तोर अग्बायानी केंद्रातला तरुण प्राध्यापक. जन्म इथलाच, पण त्याच्या आईचं घर खोक्यांनी भरलेलं असायचं. सगळे त्याला कुया, म्हणजे दादा, म्हणत.

“मनांग देलफिना गेली,” तो म्हणाला.

अमिहानच्या हातून कागद पडले. “गेली म्हणजे?”

“मायदेशी गं. आईची तब्येत बिघडली. रविवारी तिच्या फोनवरून मेसेज आला. तुला नाही आला?”

आला होता. ‘आई आजारी. घरी जातेय. काळजी नको.’ अमिहाननं तो दहा वेळा वाचला होता.

“कुया, तू तिच्याशी बोललास?”

“फोन बंद आहे.”

“आणि तिची बीपीची गोळी, इन्सुलिन, सगळं नेलं तिनं?”

“मी काय तिची नर्स आहे?”

“शुक्रवारी जिन्यात तू तिच्याशी भांडत होतास. कशावरून?”

नेस्तोरनं दाराकडे पाहिलं. “परिषदेवरून. पुढे विचारू नकोस.”

परिषद गुरुवारी होती. केंद्राला वीस वर्षं झाली म्हणून. ‘समाजातील ज्येष्ठ’ म्हणून मनांग दहा मिनिटं बोलणार होती. आता कार्यक्रमपत्रिकेत तिच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवली होती आणि व्यासपीठावर तिचं खोकं ठेवलं होतं. बंद, सहाही बाजूंना नाव, कडेनं चिकटपट्टीचे तीन-तीन वेढे. टॅटर्सलांनी स्वतः आणून ठेवलं होतं. समोर पाटी होती: ‘स्थलांतरित मातृत्वाची वस्तुरूप स्मृती’. शुक्रवारी बोटवाले घेऊन जाणार होते.

खोकं पाहून अमिहानचा जीव थोडा भांड्यात पडला. भरलेलं, बांधलेलं. मनांगनं आधी खोकं बघ म्हटलं होतं, तर हे बघितलं. मग ती पुनःपुन्हा वळून त्याच्याकडे का बघत होती?

त्याच दुपारी वाहनतळावर टॅटर्सल गाडीत सामान भरत होते. म्हाताऱ्यांच्या पॅडचे चार गठ्ठे, आणि आठ किलो तांदळाची पिशवी.

“सर, तुमच्या आई कुठे आहेत आता? मनांग नाही तर…”

“एका उत्तम वृद्धाश्रमात. किनाऱ्याजवळ. फार आनंदात आहे.” टॅटर्सल हसले. शुभ्र दात, शुभ्र दाढी, गळ्यात कुठल्याशा डोंगरी जमातीचा मणी. “देलफिनाची उणीव भासते. पण तुमच्यात आईची हाक म्हणजे… मी लिहिलंच आहे त्यावर.”

“हो. वाचलंय.”

“तांदूळ उचलायला मदत करशील? माझी पाठ. आणि हा प्रकार मला पचतही नाही. आमच्या घरात बटाटाच.”

अमिहाननं पिशवी उचलून ठेवली. काचेवर बेटाच्या फेरीबोटीच्या रांगेत लावतात तो कागदी बिल्ला चिकटलेला होता. त्यांचं बेटावर सुट्टीतलं लाकडी घर होतं, तिथे दर सप्टेंबरात केंद्राची सहल जायची, दोन दिवस कुणाचाही फोन लागायचा नाही, आणि जेवण मनांगच बनवायची. अमिहाननं बिल्ला पाहिला आणि विसरून गेली. तालाला ताप होता.

गुरुवारी सकाळी साडेसहाला ती खुर्च्या मांडायला सभागृहात आली. ताला पाठीला बांधलेली, कारण ज्या पोरी मूल सांभाळतात त्या सगळ्या दुसऱ्यांची सांभाळत होत्या. खोक्याजवळ येताच ताला शिंकली. मग पुन्हा.

अमिहान ताबडतोब थांबली. आई झाल्यापासून ती प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायची. दुधाचा, भांड्याचा, अनोळखी बाईच्या हाताचा. नवरा तिला कुत्रं म्हणायचा. ती वाकली आणि खोक्याच्या सांध्याला नाक लावलं.

लव्हेंडर. आणि त्याच्याखाली चॉकलेट.

तिनं कात्री आणली. ‘स्मृती’ उभी कापली.

मांडणी पुस्तकातल्यासारखी होती. तळाला मांसाचे डबे, मग टॉवेल, मग कॉफी. आणि मधोमध चॉकलेटच्या पाकिटांत साबणाच्या बारा वड्या, उघड्या, विटांसारख्या रचलेल्या. टॉवेलमध्ये मनांगच्या घरातल्या चपला होत्या. टॉवेलखाली पोस्टाची काही बंद पाकिटं. उजव्या चपलेत एक निळं पेन.

इन्सुलिनचं पेन. अर्धं भरलेलं.

अमिहाननं बोटांवर मोजलं. रविवार ते गुरुवार. चार दिवस. आणि आता तिला टॅटर्सलांच्या गाडीतला तांदूळ आणि काचेवरचा बेटाचा बिल्ला आठवला.

पोलिसांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं. “मॅडम, प्रौढ व्यक्ती. मेसेज करून गेलेली. आणि तुमचा पुरावा साबण?”

“साबण नाही, इन्सुलिन! साबण तुम्हाला कळायचा नाही.”

“बेटावर आमचा एकच माणूस असतो. नोंद घेतो.”

तिनं नेस्तोरला फोन करून उठवलं. तो केस विंचरता विंचरता आला, खोक्यात डोकावला आणि नाक मुरडलं. “शी! साबण कुणी टाकला चॉकलेटात? माझ्या आईनं हात तोडला असता.”

अमिहाननं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग तिचा खांदा सैल पडला. “बस. एवढंच बघायचं होतं मला. आता सांग, जिन्यात काय झालं?”

नेस्तोर खुर्चीत बसला. “तिला स्टेजवर बोलू नकोस म्हणालो. माझी नोकरी कायम करायची फाइल टॅटर्सलांच्या टेबलावर आहे. झालं समाधान?”

“नाही. पण लाज वाटत असेल तर साडेआठची फेरीबोट धर आणि सरांच्या बेटावरच्या घरी जा. हे पेन बर्फात घालून ने, वाटेत औषधाच्या दुकानातून नवीनही घे, आणि तिथे उतरलास की आधी रुग्णवाहिका बोलाव.”

तो धावला. पहिल्यांदाच त्याला कुणी धावताना पाहिलं असेल.

दहा वाजता सभागृह भरलं. टॅटर्सल भरतकामाचा फिलिपिनो सदरा घालून आले. सदरा खांद्यात घट्ट, छातीवर अननसाच्या तंतूंची वेलबुट्टी. ते बोलले. देणं, घेणं, विरह, समुद्र. मागच्या रांगेतले लोक कळवळून माना हलवत होते. मग ते खोक्याकडे वळले, आणि कापलेली चिकटपट्टी दिसताच थबकले.

“सर, मीच उघडलं,” अमिहान पाठीवरच्या तालासकट व्यासपीठावर चढली. तिच्या हातात फोन होता. नेस्तोरचा अजून काही पत्ता नव्हता. “मनांग देलफिनाची दहा मिनिटं रिकामी आहेत. ती मी घेते.”

“अमिहान, ही जागा नव्हे…”

“तुम्ही तिचं खोकं याच जागेवर मांडलंत ना? मग हीच. हे खोकं मनांगनं भरलेलं नाही.”

सभागृहात खुर्च्या करकरल्या.

“भरणाऱ्याला पुष्कळ माहिती होती. सहाही बाजूंना नाव. जड डबे तळाला. मायदेशी गेलेल्या बाईचं खोकं बंदच असायला हवं, हेसुद्धा. म्हणून तिच्या खोलीतलं अर्धवट खोकं त्यानं हाताला लागेल ते कोंबून पुरं केलं. सगळं पुस्तकात आहे तसं. पण साबण चॉकलेटात ठेवू नये, हे पुस्तकात नाही. कारण ते कुणी मुलाखतीत सांगत नाही. आमच्यात ज्याच्या घरी एकदा खोकं भरलं गेलं, त्याला ते सांगावं लागत नाही. मी कुया नेस्तोरवर संशय घेतला होता. त्याला वास येताच त्यानं नाक मुरडलं. या इमारतीत खोकं पाठ असलेला आणि खोक्याचा वास न घेतलेला माणूस एकच आहे. चौदा वर्षं अभ्यास केलात, सर. एकदा नाक खुपसलं असतंत तर सुटला असतात.”

“हा पोरकटपणा आहे,” टॅटर्सल म्हणाले. त्यांचा आवाज अजून प्राध्यापकाचाच होता. “देलफिना तिच्या आईकडे आहे.”

“तुमच्या आई कुठे आहेत?”

“सांगितलं ना. वृद्धाश्रमात.”

“नाव?”

टॅटर्सलांनी भाषणाचे कागद गोळा करायला घेतले.

“वृद्धाश्रमात पॅड घरून न्यावे लागतात? चार गठ्ठे? बरं, नेले. तांदूळ कुणासाठी नेलात? तुम्हाला पचत नाही, तुमच्या आई बटाट्याशिवाय खात नाहीत. आठ किलो भात खाणारं तुमच्या ओळखीत एकच माणूस आहे. आणि तुमच्या काचेवर बेटाच्या फेरीबोटीचा बिल्ला होता.” अमिहान एक पाऊल पुढे आली. ताला तिचे केस ओढत होती. “कुलूपसुद्धा लावलं नसेल तुम्ही. गरज काय? ‘दुपारपर्यंत चल’ म्हणून नेलंत, फोन चार्ज करायला म्हणून घेतलात आणि स्वतः परत आलात. एक्याण्णव वर्षांच्या, काही न आठवणाऱ्या बाईला एकटी टाकून मनांग दारापलीकडे पाऊल टाकणार नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तिच्या चांगुलपणाचंच कुलूप केलंत. उपाशी मरू नये म्हणून तांदूळ पोचवलात. इन्सुलिन मात्र चपलेत घालून बोटीवर चढवत होतात. तुम्हाला ते लिहायचं पेन वाटलं का, सर?”

“पण का?” पहिल्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं. “कशासाठी?”

“तिच्या धाकट्या मुलीला कॅनडात आणायचे कागद. मी पाठवतो, असं सरांनी सांगितलं होतं. तीन वर्षं ती रोज विचारायची, आणि सर म्हणायचे, सरकारचं काम आहे, वेळ लागतो. त्या वेळात मुलीचं वय नियमापलीकडे गेलं. आता ती येऊ शकत नाही. कागद कुठे होते? आज सकाळी खोक्यात टॉवेलखाली ही पाकिटंही सापडली. मनांगनं तुमच्या टेबलाच्या खणातून काढलेली असणार. बंद पाकिटं, तिकिटंसुद्धा चिकटवलेली नाहीत. ती आज इथे हेच दाखवणार होती. ती बोलणार एवढं तुम्हाला कळलं होतं, पाकिटं तिच्या हाती लागलीत हे नाही. आणि तुम्ही खोली आवरताना ती न उघडता आत कोंबलीत. पाकिटात काय आहे ते बघायचीही तसदी नाही.”

टॅटर्सलांनी पाकिटांकडे हात केला. कुणीतरी मध्ये आलं. त्या भरतकामाच्या सदऱ्याच्या काखेत घामाचे दोन गोल उमटले होते.

“तिला परवा आणणारच होतो,” ते म्हणाले. “परिषद होऊ दिली असतीत तर. तुम्हाला कल्पना नाही, या केंद्रासाठी मी…”

फोन वाजला. अमिहाननं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, आणि डोळे मिटले.

“अडिंग?” नेस्तोर रडत होता. “सापडली. स्वयंपाकघरात, फरशीवर. शुद्धीवर आहे. रुग्णवाहिका आलीय. पण ती आत बसत नाही गं.”

“बसत नाही म्हणजे?”

“म्हणते, आधी म्हातारीला घ्या.”

दहा दिवसांनी मनांग इस्पितळातून अमिहानच्या घरी आली. पोलिसांनी टॅटर्सलांना नेलं, त्यांच्या आईला खरोखरीच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली, आणि केंद्रानं एक पत्रक काढून ‘झाल्या प्रकारावर चिंतन’ करण्यासाठी समिती नेमली. समितीत मनांगला बोलावलं नाही. मनांगनं पलंगावर बसूनच ते खोकं पुन्हा उपसलं. साबण एकेक करून बाजूला काढला, चॉकलेटं हुंगली आणि कचऱ्यात टाकली.

“चॉकलेटची पाच पाकिटं वाया घालवली मूर्खानं,” ती म्हणाली.

या सगळ्याची हकिगत अमिहाननं चर्चच्या पत्रकासाठी लिहून काढली. तिच्या शेवटी तिनं जे लिहिलं, ते इथे तसंच देणं भाग आहे:

“नदीकाठच्या पिवळ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जुळ्यांना सांभाळणारी रोसेंदा गेले तीन रविवार आलेली नाही. मालकीण म्हणते, ती मायदेशी गेली. तिचं खोकं अजून आमच्या तळघरात आहे, अर्धं रिकामं. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, तर आज जाऊन दार वाजवा. मालकिणीनं उघडलं तर परतू नका. रोसेंदाला स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.”