सहल आनंदात पार पडली

तो पंखा जरा बारीक करा रे, त्याच्या खरखरीत माझा आवाज जातो. आणि ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, मध्येच दात काढलेले मला चालणार नाहीत. मी शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं शिक्के मारलेत. दाखल्यावर एवढीशी खाडाखोड दिसली तरी कागद तोंडावर परत करायचो. तेव्हा ही थाप नव्हे. ज्याच्यावर हे बेतलं तो माणूस माझ्या शेजारच्या टेबलाशी बसून रोज चहा प्यायचा.

हे सर भाषा शिकवायचे, पण सगळे त्यांना म्हणायचे वार्ताहर. कारण शाळेचं साप्ताहिक वार्तापत्र तेच काढायचे. दोन पानांचं. धावण्यात कोण पहिला आला, विज्ञान मंडळाने कसला प्रयोग केला, वाचनालयात नवीन पुस्तकं कुठली आली, कुणाची पाण्याची बाटली सापडली. दर सोमवारी पहिल्या तासाला प्रत्येक वर्गात जायचं. पोरं पाठ्यपुस्तक वाचणार नाहीत, पण हे वाचायची, स्वतःचं नाव कुठे आलंय का बघायला.

आता गंमत ऐका. वार्तापत्र वाटायचं सोमवारी, पण छापायचं शुक्रवारी संध्याकाळी, कारण तेव्हा ऑफिसातलं मशीन मोकळं असायचं. मग शनिवारच्या कार्यक्रमाचं काय करायचं? सर त्याची बातमी शुक्रवारीच लिहून टाकायचे, तीही झाल्यासारखी. ‘स्पर्धा कोवळ्या उन्हात उत्साहात पार पडल्या.’ एकदा त्या दिवशी असा पाऊस आला की मैदानाचा चिखल झाला. सोमवारी अख्खी शाळा खिदळत होती.

मी म्हणायचो, “सर, उद्याचं आजच कशाला उरकता?”

ते म्हणायचे, “अहो क्लार्कसाहेब, सहलीच्या बातमीत वेगळं काय असणार? गेले, खाल्लं, परत आले!”

तर नोव्हेंबरची सतरा तारीख. शुक्रवार. रात्रीचे पावणेआठ. मी कपाटं लावून घरी गेलो होतो. वॉचमन फाटकाशी. आत एकटे सर आणि ते मशीन. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आठवीची सहल निघायची होती, तलावावर पक्षी बघायला. बेचाळीस मुलं. त्यात सरांची एकुलती एक लेकही होती.

ती त्यांच्याच वर्गात होती. घरी बाबा, शाळेत सर. कधी चुकायची नाही. हजेरी घेताना ते ‘एकोणीस’ म्हणाले की ती अगदी सरकारी आवाजात म्हणायची, “हजर, सर!” बाकीची पोरं फिदीफिदी हसायची. महिनाभर ती या सहलीचे दिवस मोजत होती.

सरांनी नेहमीसारखं टाइप केलं, ‘आठवीच्या बेचाळीस विद्यार्थ्यांची सहल आनंदात पार पडली. सर्वजण सुखरूप परतले.’ आणि एक नमुना प्रत काढली.

प्रत वाचली. ‘एक्केचाळीसजण सुखरूप परतले.’

सरांना वाटलं, बोट घसरलं असेल. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघितलं. तिथे तर ‘सर्वजण’च होतं. चष्मा पुसला. दुसरी प्रत काढली. तीत ‘आनंदात’ हा शब्द नव्हता. नुसतंच, ‘सहल पार पडली.’

“मशीनला काय झालंय?” सर मोठ्याने म्हणाले. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज ऐकून त्यांना कसंतरी झालं.

तिसरी प्रत काढली.

कागद सावकाश बाहेर आला. गरम होता. सगळ्या बातम्या गायब. खाली एकच ओळ.

‘एकोणीस परतली नाही.’

सर मला म्हणाले, “क्लार्कसाहेब, तो आकडा माझ्या लेकीचा हो.” त्यांनी मशीनचं बटण बंद केलं, कागद खिशात कोंबला आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

घरी लेक सॅक भरून झोपली होती. सरांनी बायकोसमोर कागद धरला. ती दिव्याखाली गेली आणि वाचू लागली.

“सर्वजण सुखरूप परतले. मग? चांगलंच तर लिहिलंय की.”

सरांनी कागद हिसकावून घेतला. त्यांना तीच एक ओळ दिसत होती.

त्यांनी सहल नेणाऱ्या खेळाच्या सरांना फोन लावला. “सहल पुढे ढकला.”

“का हो? बस ठरलीय, बोटी ठरल्यात. काय झालं?”

आता काय सांगणार? कागद बोलतो म्हणून? पलीकडून खेळाचे सर म्हणाले, “बरं वाटत नाहीये का? झोपा आता.”

मग बापाने जे करायचं तेच केलं. पहाटे साडेपाचला खेळाच्या सरांना मेसेज टाकला, मुलगी येत नाही. आणि दाराला आतून कुलूप लावून दारासमोर खुर्ची टाकून बसले.

पोरीने घर डोक्यावर घेतलं. “सगळे जाणार आणि मीच नाही? का? सांगा ना का!” शेवटी ती म्हणाली, “मी तुमच्याशी कधीच बोलणार नाही,” आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. आईने दिवसभर तिची समजूत काढली, जेवायला घातलं, शेजारी बसून राहिली. ध्यानात ठेवा, दिवसभर. दार उघडलं नाही आणि किल्ली सरांच्या मुठीत होती. मनातून सरांना स्वतःचीच लाज वाटत होती, बाकीच्या एक्केचाळीस पोरांना जाऊ दिलं म्हणून.

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. खेळाचे सर होते. आवाज ओळखू येत नव्हता.

“सर... तुमची लेक...”

“काय?”

“बोटीतून उतरताना मोजलं. एक कमी. पुन्हा मोजलं. मी पाण्यात उतरलो, सर, बूटही काढले नाहीत. बोटवाले अजून शोधतायत...”

“अहो, ती आलीच नव्हती! मी मेसेज टाकला होता!”

पलीकडून नुसता पाण्याचा आवाज.

“मेसेज बघितला, सर. पण ती आली ना सकाळी. मला वाटलं, तुम्ही विचार बदललात. खिडकीशी बसली होती. मीच मोजली... बेचाळीस.”

सर धावत आतल्या खोलीत गेले. लेक पलंगावर बसली होती. रडून डोळे सुजलेले. मांडीवर वही. सरांनी तिला घट्ट धरलं आणि हुंदके देऊन रडले. ती बिचारी घाबरून म्हणाली, “बाबा, मी बोलते तुमच्याशी, बोलते. रडू नका ना.”

एक्केचाळीस मुलं रात्री घरी पोचली. एकाच्याही केसाला धक्का नाही. तलावात कुणीच सापडलं नाही. मुलांना विचारलं तर काही म्हणाली, होती ती, पण बोलत नव्हती. काही म्हणाली, आम्ही बघितलीच नाही. खेळाचे सर आठ दिवस रजेवर गेले. सरांनी वार्तापत्र सोडलं ते सोडलंच.

काय विचारतेस, धाकटे? कोण होती ती? मला माहीत असतं तर मी रात्री दिवा लावून झोपलो असतो का?

पुढचं ऐका, म्हणजे संपलं. सोमवारी सहलीची यादी माझ्या टेबलावर आली. बसमध्ये चढताना मुलांनी सह्या करायच्या असतात, तो कागद. सकाळी सहाची वेळ घातलेली. मी मोजल्या. बेचाळीस सह्या होत्या. सरांच्या लेकीच्या नावापुढेही एक होती. मोठी, वळणदार, शेवटी एक गाठ मारलेली. मला वाटलं, कुणा मैत्रिणीने चावटपणा केला असेल. तिला बोलावलं. सर मागे उभे होते.

“ही कुणी केली गं तुझी सही? खरं सांग, मी रागावणार नाही.”

तिने कागद उचलला. बघत राहिली. मग सॅकमधून वही काढून मागचं पान उघडलं. पान त्याच सहीने भरलेलं होतं. वीस, पंचवीस वेळा. वरच्या गिचमिड, खालच्या हळूहळू सुधारत गेलेल्या. शेवटची हुबेहूब यादीवरच्यासारखी, गाठीसकट.

“ही माझी नवीन सही आहे,” ती म्हणाली. “पण काका... ही मी शनिवारी दुपारी तयार केली. घरी बसून.”