राजेगावचा बुटका खांब

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलाच तर तो माणूस बालाघाटचा नाही असं मी समजेन. पण आपल्याच दूध संघाच्या कचेरीत, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या एका खांबापायी एक पोरगी प्रेमात पडली. आणि खांब तरी केवढा… उंबरठ्याएवढा!

पोरगी लांजीची, नाव दीपिका. संघात आकडे भरायची नोकरी, राहायला भाड्याची एक खोली. खोलीत इतकी शांतता की कुकरची शिट्टी झाली तरी तिला वाटायचं, कोणीतरी हाक मारली. भिंतीपलीकडे घरमालकिणीच्या टीव्हीवर कोणी हसलं की हीही हसून घ्यायची. एरवी हसायला कारण कुठलं?

दर महिन्याला सभा. सभेत दीपिका चार्ट लावायची. हट्टा, लांजी, किरनापूर, राजेगाव… प्रत्येक केंद्राच्या दुधाचा एक उभा खांब. आणि संघाची एक रीत होती, अध्यक्ष दुर्गाबाईंनी घालून दिलेली: ज्याचा खांब सर्वांत बुटका, त्या केंद्रवाल्याने दुसऱ्या दिवशी बालाघाटला येऊन, चार्टसमोर उभं राहून जाब द्यायचा.

तसा तो आला. आश्विन सरत आलेला. वैनगंगेवरचं धुकं थेट कचेरीच्या पायरीपर्यंत चढलेलं, आणि त्यातून निघाली एक मोटारसायकल. वर राजेगाव केंद्राचा धम्मपाल, मिशांवर दव. मफलर सोडता सोडता त्याने पडद्याकडे पाहिलं… मग तिच्याकडे… मग पुन्हा पडद्याकडे.

"मॅडम, आमच्या म्हशींनं तुमचं काय बिघडवलं?"

"काहून?"

"सारे खांब ताडासारखे, अन् आमचाच उंबरठा! अन् हे रंग… चार्ट हाय का होळी?"

दीपिका चिडली. रंगांवर तिचा जीव होता. लाल, जांभळा, पोपटी. खांबांना जाडी, जाडीमागे सावली. मागे एकदा खिडकीतून आलेलं फुलपाखरू लांजीच्या खांबावर बसलं ते सभा संपेपर्यंत उठलं नाही. शपथ घेतो!

"नाही आवडत, तर पाहू नका."

"पाहा लागते ना… जाब द्यायले आलो." तो खुर्ची ओढून बसला. "तर जाब असा, की दूध चांगलंच हाय. आता चहा सांगता, का तसाच जाऊ?"

तिने चहा सांगितला. आणि तो गेल्यावर, रागारागातच, सारे खांब एकाच निळ्या रंगाचे करून टाकले.

पुढच्या महिन्यात पुन्हा राजेगावच बुटकं. पुन्हा धम्मपाल दारात.

"होळी संपली वाटते," तो हळूच म्हणाला. "पण हे नावं तिरपे काहून? वाचता वाचता मान लचकली माही."

"अजून काही?"

"खांबाले सावली कायले? ऊन कुठून येऊन राह्यलं?"

आणि दीपिका हसली… भिंतीपलीकडचं नव्हे, स्वतःचं हसू. किती दिवसांनी, कोण जाणे.

तो आला की एकेक खोड काढायचा, ती एकेक पुसायची. नावं सरळ झाली. सावली गेली, मागचं रेघांचं जाळं गेलं. काडीसारखे लांब लांब उभे खांब रुंद होऊन जवळ आले, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव बसलं. धुतलेल्या चेहऱ्यासारखा चार्ट! फक्त राजेगाव तेवढं वाढेना.

एका दुपारी तो गेल्यावर तिचं लक्ष डावीकडच्या आकड्यांवर गेलं. खांबांखालची रेघ शून्यावर नव्हतीच, मधल्याच एका मोठ्या आकड्यावर होती! आकडे एकमेकांजवळ असले की कॉम्प्युटरमधली ही शीट स्वतःच शहाणपणा करते, रेघ वर उचलून बसते. छातीभर पाण्यात गाव उभं केलं, तर जरा ठेंगण्या माणसाचं डोकंच दिसणार ना? तसं राजेगावचं झालेलं. तिने तिथे शून्य लिहिलं. पाणी ओसरलं, आणि राजेगावचा खांब उभा राहिला, इतरांहून जेमतेम बोटभर कमी!

दीपिकाने आनंदाने टाळी वाजवली. मग हात तसेच राहिले. सारेच सारखे दिसले, तर दुर्गाबाई कोणाला बोलावतील? धुक्यातून कोण येईल?

तिने रेघ पुन्हा वर उचलून ठेवली. "कोणाले काय समजते…" असं रिकाम्या खुर्चीला म्हणाली.

पौषात तो आला, हसला, चहा पिऊन गेला. माघात आला तो मात्र बसलाच नाही.

"काय झालं?"

"दूध घालणाऱ्या बाया म्हणतात, खांब बुटका म्हंजे दूध मीच परस्पर विकतो. सीताबाईनं तर केंद्रावर यायचंच सोडलं. माह्या मायसंग विहिरीवर कोणी बोलत नाही." त्याने हातातलं हेल्मेट उगाच फिरवलं. "मॅडम, तुमीच सांगा… मी चोर वाटतो का?"

तिला वर पाहवेना.

"नाही… तुमचा खांब ठीक होते, पुढच्या महिन्यात."

"तुमाले कसं ठाऊक?"

"मले… ठाऊक हाय."

"मग मले कायले बोलवान?"

"नाही बोलवणार," दीपिका म्हणाली.

तो निघाला. दारातून वळला. "बरं झालं म्हणा… पण सवय लागलती."

फाल्गुनाच्या सभेत रेघ शून्यावर होती. दुर्गाबाईंनी चष्मा वर-खाली केला. "आता यात बोलवा कोणाले? सारे सारखेच! मंग इतके दिवस काय झालतं?"

दीपिका उठून उभी राहिली. "चार्ट चुकीचा होता, दुर्गाबाई. समजल्यावरही मी तसाच ठेवला. राजेगावच्या दुधात खोट नव्हती."

"ठेवला? काहून?"

दीपिकाने पडद्यावरच्या राजेगावकडे पाहिलं. दुर्गाबाईंनी तिची नजर ओळखली, मग भर सभेत राजेगावला फोन लावला आणि चूक चार्टची होती, धम्मपालची नाही, असं सांगून टाकलं.

संध्याकाळी मोबाइलवर चार शब्द आले: 'सीताबाई आली. धन्यवाद, मॅडम.' तिने लिहिलं, 'कधी या इकडे…' पुसलं. 'खुर्ची रिकामीच…' तेही पुसलं. शेवटी नुसते जोडलेले हात पाठवले. भिंतीपलीकडे टीव्हीवर कोणीतरी हसत होतं.

आणि मग काय सांगू! भर दुपारी राजेगावच्या रस्त्याने अशी धूळ उठली की सूर्य दिसेना. पुढे मोटारसायकल, मागे गावच्या साऱ्या म्हशी, शिंगांना पळसाची फुलं, उंचीप्रमाणे रांगेत! धम्मपाल या इथे, कचेरीच्या पायरीशी उतरला. म्हणाला, "मॅडम, न बोलावता आलो. आता जाब तुमी द्या… मले बोलवणं काहून बंद केलं?" आणि दीपिका लाजून—

"खोटं!"

ओट्यावर माझी गोष्ट ऐकत बसलेले सगळे वळले. कचेरीच्या दारात दीपिका स्वतःच उभी होती.

"कायच्या म्हशी, आबाजी… तो आलाच नाही." तिची नजर रस्त्यावर होती. "अजून."