शेजारची खाट

डोंगरावरच्या त्या दवाखान्यात खाटा दोनच, आणि डॉक्टरबाईंचा सगळा राग दुसऱ्या खाटेवर. तिकडची रीतच तशी होती ना! आजारी माणूस एका खाटेवर झोपला, की घरातलं कुणीतरी धडधाकट माणूस शेजारच्या खाटेवर आडवं व्हायचं. दुखणं एकट्याला झेपत नाही, निम्मं जोडीदारानं घ्यावं, असं मुळीआजी सांगायची. मुळीआजी म्हणजे झाडपाल्याचं औषध देणारी म्हातारी. बाई यायच्या आधी चाळीस वर्षं सगळा डोंगर तिच्याच मुळ्या उगाळून प्यायचा. बाईंनी तिच्याशी कधी वाकडं घेतलं नाही, फक्त तिचं एकही ऐकलं नाही.

त्या दिवशी सकाळी सुतारानं बायकोला पाठीवर घालून आणलं. बायको कसली, विशीतली पोरगीच ती. तापानं फणफणलेली, छातीत कफ दाटलेला, श्वासागणिक घरघर. धुकं एवढं की खालून गाडी वर चढेना. जे काही करायचं ते इथंच. बाईंनी सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं आणि वळून बघतात तर काय, सुतार शेजारच्या खाटेवर पाय ताणून पडलेला आणि मुळीआजी त्याच्या उशाशी!

"उठा आधी! दवाखाना आहे की धर्मशाळा?"

"आजींनी सांगितलं म्हणून..."

"त्यांना सांगायला काय जातंय? तुम्हालाही लागण झाली तर मी कुणाकुणाकडे बघू?"

सुतार बिचारा निमूट उठला. आजी म्हणाली, "उठवलंस तर दुसऱ्या कुणाला झोपव गं. नाहीतर खाट तरी बाहेर काढ. मोकळी नको ठेवूस."

बाईंनी दोघांना व्हरांड्यात बसवलं आणि दार लोटून घेतलं.

अकरा वाजता ताप एकशे चार होता. बारा वाजता एकशे दोन, एक वाजता शंभर. बाईंना हायसं वाटलं. पण इतक्या लवकर? हे इंजेक्शन असं झटपट लागू पडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खिडकीबाहेर सगळं पांढरं, आत स्पिरिटचा वास आणि ती घरघर. त्यांनी पोरीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. छाती स्वच्छ होती. एका बाजूनं ऐकलं, दुसऱ्या बाजूनं ऐकलं. स्वच्छ. मग घरघर येतेय कुठून...?

त्यांनी शेजारच्या खाटेवर हात ठेवला. चादर तापकऱ्याच्या अंगासारखी ऊन लागली. उशीला खळगा पडला होता. सुताराच्या डोक्याचाच असणार, दुसऱ्या कुणाचा? त्यांनी उशी झटकली, नीट ठेवली. हात काढेपर्यंत खळगा पुन्हा पडला.

आता मात्र बाई घाबरल्या. दार उघडून त्यांनी हाक मारली, "आजी... जरा आत या."

आजी उंबऱ्यातच थांबली. "कुणाला झोपवलंस?"

"कुणालाच नाही."

"मग हिचा ताप घेतला कुणी?"

"औषधानं उतरला..." बोलताना बाईंना स्वतःचाच आवाज खोटा वाटला.

"माणूस निम्मं घेऊन थांबतं गं. मोकळ्या खाटेला थांबायचं कळत नाही. दुखणं संपलं की ती माणसाला ओढायला लागते."

"मग आता काय करायचं?"

"मला काय ठाऊक? मी कधी मोकळी ठेवलीच नाही."

तेवढ्यात पोरगी उठून बसली. तोंडावर चांगलं तेज, श्वास मोकळा. सुतार धावतच आत आला आणि तिचा हात धरला. तिनं हात हळूच सोडवून घेतला, पदर सावरला.

"भाऊ, जरा बाजूला व्हा," ती परक्या माणसाशी बोलावं तशी अदबीनं म्हणाली. "उजेड अडतोय."

"अगं, भाऊ काय म्हणतेस? मी..." सुतार हसायला गेला, पण हसू ओठांवरच राहिलं.

शेजारच्या मोकळ्या खाटेवरची घरघर क्षणभर थांबली. तिथून, अगदी खोल गेलेल्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "अहो... पाणी द्या ना..."

सुतारानं आवाज ओळखला. त्यानं या खाटेकडे पाहिलं, त्या खाटेकडे पाहिलं आणि मग लहान पोरासारखं तोंड करून बाईंकडे वळला.

"बाई," तो म्हणाला, "घरी कुणाला नेऊ?"