डाव्या गालावरचा तीळ

सकाळी नऊच्या ठोक्याला आलेली बाई उंबऱ्याशीच थांबली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "इथे कॅमेरा आहे का?"

"कॅमेरा नाही, भाऊजी आहेत," वहिनी म्हणाल्या. "पण त्यांच्या काही लक्षात राहत नाही. या, बसा."

भाऊजींनी पेपर खाली केला, रागावावं की नाही याचा विचार केला आणि पुन्हा वर केला.

वहिनींना अख्खं गाव वहिनीच म्हणत असे. ओळखपत्रांच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं होतं: अर्जावरचा फोटो आणि समोरचं तोंड ताडून पाहायचं. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत चौकशीचा धंदा थाटला. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. गाडी शिकवण्याच्या शाळेत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती आणि आता ते वहिनींना मदत करत. निदान त्यांची तशी समजूत होती.

बाई बसली. केस कानापर्यंत कापलेले, डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. वहिनींनी त्या चष्म्याकडे क्षणभर पाहिलं.

"नंबर शून्य आहे ना?"

बाई दचकली. "हो. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. नुसत्या काचा बसवल्यात. चेहरा झाकायला."

"कोणापासून?"

"नवऱ्यापासून."

मग तिने सगळं एका दमात सांगितलं. चार वर्षांपूर्वी ती मुलीला घेऊन घरातून निघाली, कारण राहिली असती तर जगली नसती. हे तिसरं गाव. पहिल्या दोन गावांत त्याने तिला हुडकून काढलं होतं. पोलिसांत अर्ज दिलेला होता. त्यांचं म्हणणं, त्याने इथे येऊन काही केलं की कळवा.

"आणि काल बहिणीचा फोन आला. त्याने तिला हे पाठवलंय." तिने फोन पुढे केला.

पडद्यावर तिचाच चेहरा होता. फोटो मानेपर्यंतच कापलेला, थोडा धुरकट; केस आत्तासारखेच आखूड. चष्मा डोक्यावर सरकवलेला, पापण्या खाली झुकलेल्या. कोपऱ्यात एक अस्पष्ट पांढरा चौकोन. खाली त्याने लिहिलं होतं, 'ही बघ तुझी बहीण. आता गाव शोधून काढतो.'

"फोटोंच्या एका साइटवर त्याच्या खात्यात आमच्या लग्नाचे फोटो आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांवर माझं नाव लिहिलेलं. ती साइट चेहरे ओळखते. कोणी कुठेही नवा फोटो टाकला आणि त्यात तो चेहरा असला, की ती त्याला कळवते, 'तुमच्या अल्बममधली व्यक्ती सापडली.' पण दाखवते फक्त चेहऱ्याचा तुकडा. पूर्ण फोटो बघायचा तर तो टाकणाऱ्याची परवानगी लागते. त्याने ती मागितलीय. टाकणाऱ्याने एकदा 'हो' दाबलं की फोटो, नाव, गाव, सगळं त्याच्या हातात."

"म्हणजे त्या माणसाची परवानगी," भाऊजी म्हणाले. "तुमची नाही?"

"मला कोण विचारतंय, काका?"

भाऊजींनी पेपराची घडी घातली. ते सहसा इतक्या लवकर घडी घालत नसत.

"पण हा फोटो निघालाच कसा, हेच मला कळत नाही," ती म्हणाली. "मी जिवाच्या आकांताने जपते. कोणी फोन काढला की मी म्हणते, द्या इकडे, मी काढते. काढणारा माणूस फोटोत येत नाही. शाळेच्या कार्यक्रमातही मी मागे उभी राहते. रात्रभर विचार केला. मालक, दुकानातली चिमणी नाही तर घरमालकीणबाई. तिघांशिवाय माझ्या जवळ कोणी नाही. त्यांच्यातल्याच कोणीतरी चोरून काढला असेल, तर मला आज संध्याकाळी मुलीला घेऊन निघावं लागेल. ती तिसरीत आहे, वहिनी. आत्ता कुठे दार वाजलं तरी न घाबरता उघडायला लागलीय."

वहिनींनी फोन तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. तीस वर्षांची सवय.

"केस कधी कापलेत?"

"बारा दिवस झाले."

"तीळ कुठल्या गालावर आहे?"

तिने डाव्या गालाला बोट लावलं. भाऊजींनी वाकून फोटो पाहिला. तीळ फोटोच्या डाव्या बाजूला होता.

"डावा गाल, डावी बाजू," भाऊजी म्हणाले. "बरोबर आहे. हीच."

"हीच," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

*

घरमालकीणबाई गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. आपल्यावर संशय आहे हे कळताच त्यांनी पाण्याचा झारा खाली आदळला.

"मी फोटो काढते ते माझ्या फुलांचे! बघा, हवं तर सगळे बघा." त्यांनी फोन वहिनींच्या हातात कोंबला. तीनशे फुलं होती, माणूस एकही नव्हता. "आणि तो डोक्यावर चढवलेला चष्मा मला कशाला दाखवता? जिन्यात पाऊल टाकलं की पहिला तो चष्मा पर्समध्ये जातो. चार भिंतींच्या आत तिच्या तोंडावर मी तो कधी पाहिला नाही. गुणी पोर आहे. तिला कोणी त्रास देत असेल तर माझ्याकडे पाठवा त्याला."

झाऱ्याकडे बघून भाऊजींना त्यांचं म्हणणं खरं वाटलं.

चष्म्याचं दुकान अरुंद आणि लांब होतं. दोन्ही बाजूंना फ्रेमची कपाटं, मधे गिऱ्हाइकाची खुर्ची, खुर्चीच्या पुढे टेबलावर छोटा आरसा आणि मागच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत मोठा आरसा, दुकान ऐसपैस दिसावं म्हणून. एका कोपऱ्यात डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता.

मालक पहिल्यापासूनच चिडलेले होते. "दुकानाच्या पानावर मी फोटो टाकतो, नाही कोण म्हणतंय? पण सगळ्यांना विचारून."

"हिला विचारलंत?" वहिनींनी काउंटरमागे उभ्या असलेल्या त्या बाईकडे बोट केलं.

"ही नाहीच म्हणते. मग विचारू कशाला?" हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे, हिचा टाकलेलाच नाही. मागच्या महिन्यात आम्हा सगळ्यांचा एक फोटो काढला, तोही हिनेच काढला. गिऱ्हाइकांचे फोटो काढायलाही हीच पुढे."

त्यांचं पान वहिनींनी शेवटपर्यंत पाहिलं. बारा दिवसांत तिथे काही नवीन नव्हतं.

उरली चिमणी. वीस-बावीस वर्षांची, तोंडाची टकळी न थांबणारी, दिवसातून दहादा स्वतःचे फोटो काढून साइटवर टाकणारी. भाऊजींनी वहिनींना कोपरखळी मारली. त्यांच्या मते प्रकरण संपलं होतं.

"एक सेल्फी काढ बरं," वहिनी म्हणाल्या. "मागे तो अक्षरांचा तक्ता येऊ दे."

चिमणीने काढला. वहिनींनी फोन घेतला, तक्त्यावरची अक्षरं भराभर वाचली आणि फोन परत दिला. "छान आलीस."

"एवढंच?" भाऊजी कुजबुजले.

"एवढंच. तुम्ही असं करा, खुर्चीत बसा आणि एक फ्रेम घालून बघा. तुमची कधीची मोडलीय."

हे खरं होतं. भाऊजींच्या चष्म्याची दांडी चिकटपट्टीवर तग धरून होती. चिमणीने त्यांचा चष्मा काढून एक सोनेरी फ्रेम चढवली. दांडीला दोऱ्याने बांधलेलं किमतीचं लेबल कानाशी वळवळलं आणि भाऊजींना गुदगुल्या झाल्या.

"आरशात बघा, काका."

"आरशात ढग दिसतोय," भाऊजी म्हणाले. "माझा नंबर वजा नऊ आहे, बाळ."

"मग फोन द्या तुमचा. मोठ्या नंबरवाल्यांचं असंच करतो आम्ही. नव्या फ्रेमला नंबराच्या काचा नसतात ना, त्यामुळे ती घातली की त्यांना स्वतःचं तोंडच दिसत नाही. फोटो काढून देतो, मग स्वतःचा चष्मा लावून बघायचं." तिने समोर उभं राहून, फोन छातीशी धरून फोटो काढला.

भाऊजींनी चिकटपट्टीवाला चष्मा लावून फोटो पाहिला. "नाक केवढं दिसतंय!"

वहिनींनी तो फोटो बराच वेळ पाहिला. त्या नाकाकडे पाहत नव्हत्या.

"मालक, शटर अर्धं ओढा," त्या म्हणाल्या. "आणि सगळे इथे या."

*

चष्मेवाली काउंटरला पाठ लावून उभी राहिली. आता आपल्या जवळच्या कोणाचं तरी नाव ऐकावं लागणार, या भीतीने तिने ओठ घट्ट मिटले होते.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "माझ्यासमोर उभे राहा. तुमच्या डाव्या गालावर बोट ठेवा. ते मला माझ्या कुठल्या हाताला दिसतं?"

भाऊजींनी बोट ठेवलं. "तुमच्या उजव्या."

"फोटोतही तसंच दिसायला हवं. डाव्या गालावरचा तीळ फोटोच्या उजव्या बाजूला. सकाळी तुम्ही डावा गाल, डावी बाजू, बरोबर म्हणालात. तिथेच तर चुकलं होतं. कचेरीत अशा उलट्या फोटोचे मी शेकडो अर्ज परत पाठवलेत."

"सेल्फी उलटा येतो!" भाऊजी म्हणाले आणि त्यांनी चिमणीकडे पाहिलं.

"काही फोनवर येतो. म्हणून तर तक्ता वाचला. हिच्या फोनवर अक्षरं सरळ आली. आणि सेल्फी नसेल, तर चेहरा उलटा करणारी दुसरी वस्तू एकच."

सगळ्यांच्या नजरा मागच्या भिंतीकडे गेल्या.

"तीस वर्षं पोरांना ओरडत होतात ना, भाऊजी? 'आरसा बघ, आरसा बघ!' आज तुम्हीच नाही बघितलात."

भाऊजींनी चिकटपट्टीवाला चष्मा काढून पुसला.

"हा फोटो हिचा नाहीच. हिच्या प्रतिबिंबाचा आहे. चष्मा डोक्यावर आहे, म्हणजे घरचा नाही. घरी चष्मा पर्समध्ये असतो. बारीक काही बघताना तुम्ही तो वर सरकवता, हो ना?"

चष्मेवालीने मान हलवली. "काचांवर उजेड चमकतो. मग नीट दिसत नाही."

"पापण्या खाली आहेत. हातातलं काहीतरी बघताय. कोपऱ्यात पांढरा चौकोन आहे, दोऱ्याला लटकलेला. भाऊजींना त्याने आत्ताच गुदगुल्या केल्या. म्हणजे आरशापुढे कोणीतरी नवी फ्रेम घालून बसलंय आणि तुम्ही त्याच्या समोर उभ्या आहात." वहिनींनी भाऊजींचा फोन तिच्यापुढे धरला. "यात नाक सोडून मागे बघा."

फोटोत भाऊजींच्या खांद्यामागे, आरशात, चिमणी होती. छातीशी फोन धरलेली, पापण्या झुकलेल्या. चेहरा पूर्ण दिसत होता.

चष्मेवालीने फोन हातात घेऊन तो चेहरा बोटांनी मोठा केला.

"कोणी चोरून काढला नाही," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्याशी कोणी दगाफटका केलेला नाही. फोटो तुम्हीच काढलात. गिऱ्हाइकाच्या फोनवर, गिऱ्हाइकाचा. काढणारा फोटोत येत नाही, या भरवशावर. माणसाचं लक्ष फ्रेमवर असतं. यंत्राला काय, त्याने मागचा चेहराही मोजला."

"मीच," ती म्हणाली. मग खुर्चीवर बसली आणि ढसाढसा रडली. ते रडणं भीतीचं नव्हतं, हे सगळ्यांना कळलं. तिघांवर केलेला संशय तिच्या जिवाला लागला होता. चिमणी काही न बोलता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या दिवसातली ती चिमणीची पहिली शांतता.

"रडणं नंतर," वहिनी म्हणाल्या. "बारा दिवसांत मोठ्या नंबराचे किती आले? तुम्ही फोटो कोणाकोणाचे काढलेत?"

मालकांनी वही उघडली. पाच नावं निघाली. तिघांचे फोटो चिमणीने काढले होते. उरलेल्या दोघांतल्या आजोबांचा फोन साधा बटणांचा.

"पोहायला शिकवणाऱ्या बाई," चष्मेवाली म्हणाली. "निळी फ्रेम. त्या म्हणाल्या होत्या, मैत्रिणींना विचारते, टाकतेच फोटो."

मालकांनी फोन लावला. लागत होता, पण कोणी उचलत नव्हतं. "पाण्यात असतील," ते म्हणाले आणि पुन्हा लावला. आठव्यांदा लावत असतानाच शटरखालून वाकून ओल्या केसांच्या एक बाई आत आल्या.

"बंद केलंत की काय? माझा चष्मा आज मिळणार होता ना?" मग त्यांना चष्मेवाली दिसली आणि त्यांचा चेहरा फुलला. "अगं, तुझ्याकडेच आले होते! तुझ्या नवऱ्याचा निरोप आलाय मला. 'माझी हरवलेली बायको तुमच्या फोटोत आहे, कृपा करा.' वाचून मला भरून आलं बघ. सकाळीच 'हो' म्हणणार होते, पण म्हटलं तुझ्यासमोरच दाबू." त्यांनी फोन वर केला. अंगठा पडद्यावर आलाच होता.

वहिनी पुढे झाल्या, पण चष्मेवाली त्यांच्या आधी उठली. तिने डोळ्यांवरचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"मी हरवलेली नाही," ती म्हणाली. "मी निघून आलेय. तुम्ही 'हो' म्हणालात, तर तो इथे येईल. मागच्या गावात आला तेव्हा माझा हात दोन ठिकाणी मोडला होता. मुलगी पलंगाखाली होती."

बाईंचा अंगठा जागच्या जागी थांबला. केसांतलं पाणी फरशीवर टपटपत होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि काही न विचारता 'नाही' दाबलं. मग फोटोही काढून टाकला.

"चेहरा त्याच्याकडे राहिला, गाव नाही," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या अल्बमावरून हा चेहरा शोधूच नये, असा अर्ज आजच साइटला करायचा. त्याचा तो निरोपही पोलिसांना दाखवायचा. नाही म्हणतील, तर उद्या पुन्हा जायचं. मी येते बरोबर."

"मी गाडी चालवतो," भाऊजी म्हणाले.

"अगं, हे काहीतरी विचारतंय," ओल्या केसांच्या बाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "'नकाराचं कारण लिहा. विनंती करणाऱ्याला कळवलं जाईल.' काय लिहू?"

चष्मेवालीने थोडा विचार केला.

"लिहा, फोटोतल्या बाईची परवानगी नाही."

बाईंनी एकेक अक्षर सावकाश लिहिलं आणि पाठवून दिलं. चष्मेवालीने ड्रॉवरमधून निळ्या फ्रेमचा तयार चष्मा काढला, काचा पुसल्या आणि खुर्ची मोठ्या आरशापुढून बाजूला ओढली.

"बसा आता," ती म्हणाली. "कानामागे टोचतंय का बघू."