रणधीरचा भाकरतुकडा

भुताखेताच्या गप्पा मलाही आवडतात. ही गोष्ट त्यातली नाही.

ही माझ्या मावशीच्या घरात घडली, आणि अजून मिटलेली नाही. कुणाला शंका असेल तर त्यानं नळदुर्गच्या पुढं, हायवेवरच्या आमच्या गावाच्या फाट्यावर उतरावं. दिवेलागणीला दगडाबाईच्या घरासमोरून एकदा चालत जावं. मग बोलू.

दगडाबाई म्हणजे माझी मावशी. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हिचं नाव दगड ठेवलं. दगड टिकतो म्हणतात. नाव ठेवणाऱ्यांचं खरं झालं. ती टिकली, बाकीचे एकेक करून गेले.

नवरा तरणाताठा असतानाच गेला. एकुलता एक लेक रणधीर, तो फौजेत. सून वैष्णवी, हे घडलं त्या साली पोटुशी होती.

रणधीर सुट्टीवर आला की एक गोष्ट ठरलेली. फाट्यावरून गावातल्या खाजाभाईच्या जीपनं यायचा. दारासमोरच्या दगडी पायरीवर बूट आपटून धूळ झाडायचा.

ठक... ठक.

की आतून दगडाबाई ओरडायची, "थांब! तिथंच थांब!"

लांबून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं, मगच त्याला उंबरा ओलांडू द्यायचा. आपल्याकडं घरोघरी करतात. पण दगडाबाईचं त्यात जरा जास्तच होतं. तुकडा तीनदा उतरवायची, पुटपुटायची, त्याच्या डोळ्याला पाणी लावायची. रणधीर पाठीवरची बॅगही खाली ठेवायचा नाही.

"आई, आमच्या गेटावर बी एवढी झडती घेत न्हाईत गं!"

"गप. कुठल्या कुठल्या मसणवट्यावरनं आलास. वाटंनं काय काय मागं लागतंय. ते तुकड्यासंगं भायेरच्या भायेर गेलं पायजे."

तुकडा रस्त्यापलीकडं भिरकावला की मग हसायची. "हां. आता ये."

एवढा थोराड गडी, पण आईनं 'ये' म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

मग त्या मे महिन्यात सीमेवर पेटलं.

रणधीरचा फोन आला. मागं गाड्यांचा आवाज होता. "आई, आता काही दिस फोन लागायचा न्हाय. जीव खालीवर करू नगं. भाकर तेवढी तयार ठेव."

त्या दिवसापासून दगडाबाई रोज संध्याकाळी एक भाकर जास्तीची थापायची. सकाळी ती शिळी भाकर गाईला जायची. वैष्णवी टीव्हीसमोरून हलायची नाही. टीव्हीवरची माणसं जत्रेतल्या कुस्तीला ओरडावं तशी ओरडायची. दगडाबाई त्यांच्याकडं पाठ करून बसायची.

"ह्यांचं कुणी न्हाय वाटतं तिकडं," एवढंच म्हणायची.

आणि एका संध्याकाळी बातमी आली. लढाई थांबली!

गावात पोरांनी फटाके उडवले. दगडाबाईनं देवापुढं साखर ठेवली. पदरानं डोळे पुसले आणि पीठ मळायला बसली. आता लेकरू येणार, आज ना उद्या येणार.

तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडं त्याचं काही नवल नाही.

फटाके थांबले. रातकिडे किरकिरत होते...

तेही एकदम गप झाले.

गोठ्यात गाय उठून उभी राहिली. तिच्या गळ्यातली घंटा मात्र वाजली नाही.

ठक... ठक.

पिठाच्या हातानंच दगडाबाई दाराकडं धावली. पायरीवर तो उभा होता. तीच उंची, तेच खांदे, पाठीवर बॅग. तोंड अंधारात होतं. नेहमीसारखा थांबला होता बिचारा.

भाकर चुलीपाशी होती. पाण्याचा तांब्या हाताशी होता. पण तिला कसली शुद्ध!

"आज कसली भाकर आन् कसलं पाणी! ये लेकरा, ये!"

तो हलला नाही.

तिनं त्याचा हात धरला. हात गार होता. मे महिन्यात एवढं गार काही नसतं. तिनं ओढला. जड पाय उंबऱ्याच्या आत पडला...

आणि लाईट आली.

दारात कुणीच नव्हतं. तिची मूठ आवळलेली होती. तिनं ती उघडली. पिठाला माती चिकटली होती. आमच्या रानातली काळी माती नव्हे, भुरी, रेताड माती.

आत वैष्णवीचा फोन वाजायला लागला.

रणधीर आदल्या दिवशीच गेला होता. लढाई थांबायला एक दिवस उशीर झाला.

तो तिरंग्यात आला. बंदुका झाडल्या, पुढारी बोलले, गाव रडलं. मग मांडव सुटला आणि ज्याचा तो आपल्या घरी गेला. घरात दोघी उरल्या.

दोघीच उरल्या असत्या तर ही गोष्ट इथं संपली असती.

आधी खाट वाजायला लागली. माणूस बसल्यावर करकरते ना, तशी. मग पिण्याचं पाणी संपायला लागलं. भरलेला रांजण सकाळी तळाला जायचा आणि घरात कुठं थेंब सांडलेला नसायचा. रणधीरच्या खोलीत उन्हाच्या कडाक्यातही हुडहुडी भरायची.

वैष्णवी खंगत चालली. दगडाबाईला वाटलं, दुःख आहे, खाईना झालीय. एका सकाळी सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते.

"आत्या, ते हायती घरात."

दगडाबाईच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"खाटंच्या कडंला बसत्यात. माझ्याकडं बघत न्हाईत. माझा हात तेवढा धरत्यात. सोडवत न्हाय मला."

"बोलतो का काही?"

"एकच इचारत्यात..."

"काय गं?"

"घर अजून किती लांब हाय?"

दगडाबाई मटकन खाली बसली. तिला सगळं उमगलं. ज्याच्यावरून तुकडा ओवाळला नाही, तो घरी पोचलाच नव्हता. स्वतःच्याच घरात, स्वतःच्या खाटेवर बसून पोरगं वाट चालत होतं. हे तिच्यामुळं झालं होतं. ती ऊर बडवून रडली, पण कुणाला सांगणार?

खाजाभाईनं दोघींना जीपमधून उमरग्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ होत नाही. कारण सापडत नाही. असंच चाललं तर बाळाची खात्री नाही.

परतीच्या वाटेवर वैष्णवीला ग्लानी आली होती. खाजाभाईनं आरशातून दगडाबाईकडं बघितलं. रणधीर त्याच्या डोळ्यासमोर वाढला होता.

"मावशी, राग मानू नका. गेलेल्याला घरात ठिवून घेतलं तर त्यो जित्यातलं मागतो. पोरगं लई भलं होतं. पण आता त्याला जाऊ द्या."

"माझा लेक हाय त्यो, खाजाभाई."

"ठावं हाय. पन हिच्या पोटात बी त्याचंच हाय की."

दगडाबाईनं वैष्णवीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

काय करायचं ते तिला कुणी सांगायला नको होतं. जे मागं लागलंय ते तुकड्यासंगं बाहेर जातं. जन्मभर तेच तर करत आली होती. फक्त आजवर ते परकं काहीतरी असायचं.

त्या संध्याकाळी तिनं वैष्णवीला शेजारी पाठवलं. भाकर भाजली. तुकडा मोडला, तांब्या घेतला आणि रणधीरच्या खोलीत गेली. खाट रिकामी होती... पण सुतळी मधोमध दबलेली होती.

तिनं तुकडा उतरवला. एकदा. तांब्यातलं पाणी तिच्याच पायावर सांडलं.

दुसऱ्यांदा उतरवला.

तिसऱ्यांदा हात वर गेला आणि खाटेवरून आवाज आला. दमलेला, पण हरखलेला.

"आलं व्हय आई, घर?"

दगडाबाईनं दात आवळले. "चल बाबा," एवढंच तिच्या तोंडून निघालं. ती पाठमोरी चालायला लागली. मागं बूट वाजत आले. खोलीतून ओसरीवर, ओसरीवरून उंबऱ्याकडं, उंबऱ्यावरून बाहेर. तिनं तुकडा रस्त्यापलीकडं फेकला आणि धाडकन दार लावून घेतलं.

कडी घालून ती तिथंच कोसळली.

खोलीतला गारवा गेला. रांजणातलं पाणी राहायला लागलं. वैष्णवी माहेरी उमरग्याला गेली, जेवायला लागली. दिवस भरल्यावर मुलगी झाली. सुखरूप, गुटगुटीत, बापाच्या तोंडावळ्याची.

आता सगळं निवलं म्हणायचं का?

म्हणा हवं तर. पण वैष्णवी गेली त्याच संध्याकाळी दगडाबाई दिवा लावत होती, तेव्हा बाहेर वाजलं.

ठक... ठक.

"आई... थांबलोय."

त्याला काय माहीत, आईनं हाकललंय ते! त्याच्या लेखी तुकडा ओवाळून झाला होता. आता आई नेहमीसारखी 'ये' म्हणणार, एवढंच राहिलं होतं.

दगडाबाईनं तोंडात पदर कोंबला. 'ये' म्हणता येईना. 'जा' म्हणवेना.

माघ महिन्यात वैष्णवी लेकीला घेऊन पहिल्यांदा सासरी आली. भर दुपारी, मुद्दाम. खाजाभाईची जीप दारात थांबली. पहिल्यांदा घरी येणाऱ्या लेकरावरून तुकडा ओवाळायचाच असतो. दगडाबाई नवं लुगडं नेसून उंबऱ्याच्या आत उभी होती. नातीला बघून कितीतरी दिवसांनी तिचं तोंड उजळलं.

वैष्णवी बाळाला घेऊन पायरीवर चढली. दगडाबाईनं तुकड्याचा हात उचलला.

बाळ आजीकडं बघत होतं. बघता बघता त्यानं मान वळवली. शेजारी... आणि वर. उंच माणसाकडं बघावं तसं.

आणि ते खुदकन हसलं.

दगडाबाईची नजर पायरीवर गेली. वैष्णवीच्या चपलांशेजारी भुरी, रेताड माती पडली होती. दोन बुटांच्या आकाराची.

आता नातीला 'ये' म्हटलं असतं तर तिच्यासंगं तोही आत आला असता.

उचललेला हात खाली आला.

"वैष्णवी," ती म्हणाली, "माघारी जा. लेकराला घिऊन जा."

"आत्या..."

"जा म्हणते ना! पुन्हा हितं आणू नगं हिला."

वैष्णवीनं पायरीकडं पाहिलं. बाळाला घेऊन ती जीपमध्ये बसली. खाजाभाईनं जीप वळवली. बाळ खिडकीतून मागं पायरीकडंच बघत गेलं. आपल्या बापाच्या घरचा उंबरा त्या पोरीनं आजवर ओलांडलेला नाही.

दगडाबाई अधूनमधून उमरग्याला जाऊन नातीला बघून येते. अंधार पडायच्या आत परतते, आणि घरात शिरते ती गोठ्याकडच्या दारानं.

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो. म्हटलं, मावशी, माझ्याकडं चल, हे घर सोड. ती नुसती हसली. "आन् मी गेल्यावर त्यानं कुणाच्या दारात थांबायचं?"

बोलता बोलता सांज झाली. रातकिडे गप झाले. मी मावशीकडं पाहिलं.

ठक... ठक.

मी माझ्या कानांनी ऐकलं. मावशीनं दाराकडं मानही वळवली नाही. चुलीतला जाळ मागं ओढत, तान्ह्या पोराला समजवावं तशी म्हणाली,

"थांब लेकरा. तिथंच थांब."

बाहेर सगळं शांत झालं.

"ऐकतो," ती मला म्हणाली. "ल्हानपणापासनं माझा सबूद मोडला न्हाई त्यानं."

मी मागच्या दारानं निघालो. वळून बघितलं, तर चुलीपाशी जास्तीची एक भाकर झाकून ठेवलेली होती.